विचारणाऱ्याला उत्तर, अडलेल्याला हात

ख्रिस्ती माणसाने आपल्या श्रद्धेबद्दल कधी बोलावे आणि कसे बोलावे, याचा सर्वांत नेमका विचार नव्या करारातील पेत्राच्या पहिल्या पत्रात, तिसऱ्या अध्यायात आला आहे. आपल्या मनातल्या आशेबद्दल कुणी विचारले तर उत्तर देण्याची तयारी नेहमी असावी. मात्र ते देताना आवाज चढू नये आणि समोरच्याचा मान जाऊ नये, असा त्याचा आशय आहे. हे पत्र ज्यांना लिहिले गेले ती माणसे आजच्या तुर्कस्तानात गावोगावी विखुरलेली होती. त्यांत कुणाच्या घरी राबणारे नोकर होते, नवऱ्याचा धर्म वेगळा असलेल्या बायका होत्या. त्यांच्या हाती सत्ता नव्हती, पैसा नव्हता, स्वतःची देवळेही नव्हती. त्यांना कुणी व्यासपीठ देणार नव्हते. शेजाऱ्यांनी त्यांचे वागणे पाहायचे, त्यातून कुतूहल जागे व्हायचे आणि मग प्रश्न यायचा, असा तो क्रम होता.

या शिकवणीला दुसरी बाजू सेवेची आहे, आणि ती पहिलीपेक्षा अधिक ठळक आहे. मत्तयाच्या शुभवर्तमानातील पंचविसाव्या अध्यायात न्यायाच्या दिवशी विचारले जाणारे प्रश्न भुकेल्याच्या, तहानेल्याच्या, परक्याच्या, उघड्याच्या, आजाऱ्याच्या आणि कैद्याच्या बाबतीतले आहेत. पाठांतराबद्दल किंवा उपासनेतल्या हजेरीबद्दल तिथे काही विचारलेले नाही. योहानाच्या तेराव्या अध्यायात येशू शिष्यांचे पाय धुतो. लूकच्या दहाव्या अध्यायातल्या दाखल्यात वाटेत जखमी पडलेल्याला उचलणारा माणूस शोमरोनी आहे, म्हणजे ऐकणाऱ्यांच्या दृष्टीने हलक्या समाजाचा. प्रेषित पौल तर करिंथ शहरात तंबू शिवून पोट भरत होता आणि त्याच कामाच्या जागी माणसांशी बोलत होता. यांपैकी कोणतीही गोष्ट पगारी धर्मोपदेशकापुरती सांगितलेली नाही. ती घर चालवणाऱ्या, कामाला जाणाऱ्या, बाजारहाट करणाऱ्या माणसासाठी आहे.

२०११च्या जनगणनेत महाराष्ट्रातील ख्रिस्ती लोकसंख्या सुमारे १० लाख ८० हजार होती, म्हणजे एकूण लोकसंख्येच्या एक टक्क्याच्याही आत. त्यातला मोठा भाग मुंबई, वसई, ठाणे आणि पुणे या पट्ट्यात राहतो. मराठवाड्यात आणि खानदेशात चित्र वेगळे आहे. एखाद्या गावात दहा-वीस घरे, कुठे दोनच. अशा गावात ख्रिस्ती कुटुंब लपून राहत नाही. मास्तर ख्रिस्ती आहेत, दवाखान्यातली सिस्टर ख्रिस्ती आहे, हे साऱ्यांना ठाऊक असते. त्यामुळे पेत्राच्या पत्रातली ती जुनी परिस्थिती अजिंठ्याच्या डोंगररांगेच्या दोन्ही अंगांना आजही ओळखीची वाटते.

डोंगराच्या आसपासचा इतिहास

आपली श्रद्धा आणि आपले दान यांची सांगड घालणे या प्रदेशाला नवे नाही. अजिंठ्याच्या लेण्यांत दात्यांचे लेख आहेत. त्यांत राजदरबारचा मंत्री आहे, भिक्षू आहेत, बाराव्या लेण्यात एक व्यापारीही आहे. आपल्या दानाचे पुण्य सर्व प्राणिमात्रांना लाभो, अशी इच्छा त्यांतल्या काही लेखांत कोरलेली आहे. श्रद्धा बोलून दाखवण्याची आणि ती दुसऱ्याच्या उपयोगी आणण्याची ही बौद्ध परंपरा ख्रिस्ती उपदेशक इथे येण्याच्या कितीतरी शतके आधीची आहे.

१८१९मध्ये जॉन स्मिथ या इंग्रज अधिकाऱ्याच्या नजरेस ही लेणी पडली. पुढे १८४८मध्ये पश्चिम भारतातील लेण्यांची नोंद करण्यासाठी मुंबईत एक आयोग नेमला गेला आणि त्याचे अध्यक्षपद जॉन विल्सन या स्कॉटिश मिशनऱ्याकडे आले. विल्सन कॉलेज ज्यांच्या नावाने ओळखले जाते तेच हे विल्सन. धर्मप्रसारासाठी आलेल्या या माणसाने दुसऱ्या धर्माच्या लेण्यांचा, लेखांचा, ग्रंथांचा कसून अभ्यास केला. त्यांची हिंदू आणि पारशी धर्मांवरची टीका बोचरी होती आणि तिला तितकीच बोचरी उत्तरेही मिळाली. तरी समोरच्याला काय वाटते ते नीट जाणून घेतल्याशिवाय बोलू नये, एवढी शिस्त त्या पिढीने पाळली.

विल्सन आणि रॉबर्ट नेस्बिट यांच्या शाळेत शिकलेले नारायण शेषाद्री हे ब्राह्मण तरुण १८४३मध्ये ख्रिस्ती झाले. त्यांचा धाकटा भाऊ श्रीपत याचे प्रकरण कोर्टात गेले, तो वयाने अज्ञान असल्याने त्याला घरच्यांकडे परत पाठवण्यात आले, आणि त्याला प्रायश्चित्त देऊन जातीत घ्यावे की नाही यावर मुंबईत मोठे वादळ उठले. बाळशास्त्री जांभेकर त्या मुलाच्या बाजूने उभे राहिले. एका घरातल्या श्रद्धेच्या निर्णयाचे पडसाद समाजात किती दूरवर उमटत, हे त्यातून दिसते.

हेच नारायण शेषाद्री पुढे निजामाच्या राज्यात जालन्याला आले. शहराजवळ निजाम सरकारकडून मिळालेल्या जमिनीवर त्यांनी बेथेल नावाची वसाहत उभी केली. तिथे राहायला आलेली बहुतेक कुटुंबे मातंग आणि महार समाजातली होती. ज्यांना गावच्या विहिरीवर पाणी भरता येत नव्हते त्यांना तिथे स्वतःची विहीर, स्वतःचे घर, मुलांना शाळा आणि सर्वांसाठी एक देऊळ मिळाले. जन्माने ब्राह्मण असलेल्या माणसाने त्या काळी या वस्तीत राहून त्यांच्यासोबत जेवणे, हे कोणत्याही प्रवचनापेक्षा अधिक बोलके होते. औरंगाबाद, म्हणजे आजच्या छत्रपती संभाजीनगर शहरात त्याच सुमारास रतनजी नौरोजी यांनी चर्च मिशनरी सोसायटीचे काम अनेक दशके सांभाळले. ते जन्माने पारशी. म्हणजे मराठवाड्यातील सुरुवातीच्या कामाची सूत्रे दोन भारतीयांच्या हाती होती, ही गोष्ट फारशी सांगितली जात नाही. कॅथलिक पंथाचे काम त्यानंतर वैजापूर तालुक्यातल्या घोगरगावातून सुरू झाले. फ्रान्सहून आलेले फादर गुरिया जाकिये एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस तिथे स्थायिक झाले, आणि पंचक्रोशीत त्यांचे नाव आजही आदराने घेतले जाते.

आगगाडीतला सहप्रवासी

रोजच्या व्यवहारात श्रद्धा सांगणे म्हणजे काय, याचे मराठीतले सर्वांत प्रसिद्ध उदाहरण मात्र कोणत्याही मिशनच्या आवारात घडले नाही. ते घडले आगगाडीच्या डब्यात.

नारायण वामन टिळक १८९३च्या सुमारास नागपूरहून राजनांदगावला नोकरीच्या शोधात निघाले होते. तिशी ओलांडलेला, संस्कृत आणि मराठीत कविता करणारा, जातिभेदाने अस्वस्थ झालेला आणि नवा धर्म काढण्याच्या विचारांनी भारलेला हा माणूस. डब्यात एक ओळखपाळख नसलेला युरोपियन गृहस्थ होता. त्याने टिळकांना जागा करून दिली आणि बोलणे सुरू केले ते कवितेपासून. संस्कृत कवींबद्दल त्याने आस्थेने विचारले, टिळकांचे ऐकून घेतले. बऱ्याच वेळाने विषय धर्माकडे वळला. उतरताना त्याने टिळकांच्या हाती नव्या कराराची प्रत दिली, ती वाचण्याचे वचन घेतले आणि दोन वर्षांच्या आत तुम्ही ख्रिस्ती व्हाल, असे तो म्हणाला.

टिळकांना ते पुस्तक आरंभी मुळीच आवडले नाही. दिलेला शब्द पाळायचा म्हणून ते वाचत गेले आणि मत्तयाच्या पाचव्या, सहाव्या, सातव्या अध्यायांतील डोंगरावरच्या प्रवचनापाशी येऊन थबकले. पुढे पत्रव्यवहार, अभ्यास, मनातला झगडा हे सारे झाले आणि १० फेब्रुवारी १८९५ रोजी मुंबईत त्यांनी बाप्तिस्मा घेतला.

या प्रसंगातले तपशील पाहण्यासारखे आहेत. त्या प्रवाशाने समोरच्याच्या आवडीचा विषय काढला. त्याच्या परंपरेचा मान ठेवला. वाद घातला नाही. बोलायचे तेवढे बोलून झाल्यावर पुस्तक हाती ठेवले आणि पुढचे वाचणाऱ्यावर सोपवले. त्याच्याजवळ द्यायला नव्या कराराची प्रत होती, म्हणजे असा प्रसंग येऊ शकतो हे त्याने घरून निघतानाच धरले असावे. पेत्राच्या पत्रातली तयारी ती हीच. मात्र त्याचे भाकीत पुढच्या सुवार्तिकांनी उचलण्यासारखे नाही. समोरच्या माणसाच्या श्रद्धेची मुदत ठरवण्याचा अधिकार कुणालाच नसतो. टिळकांच्या बाबतीत ते खरे ठरले म्हणून ती रीत होत नाही.

टिळकांनी पुढे हाच धागा आपल्या पद्धतीने पुढे नेला. तुकारामाच्या पुलावरून आपण ख्रिस्ताकडे आलो, असे ते सांगत. त्यांनी अभंग लिहिले, ओव्या लिहिल्या, कीर्तने केली. अहमदनगरला कृष्णराव रत्नाजी सांगळे यांनी ख्रिस्ती कीर्तनाची वाट आधीच पाडली होती. सतराव्या शतकाच्या आरंभी, १६१६मध्ये, फादर थॉमस स्टीफन्स यांनी गोव्यात ख्रिस्तपुराण छापले तेही ओवीत. मराठी माणसाला देवाबद्दलचे बोलणे टाळ-मृदंगाच्या साथीने, अभंगाच्या चालीवर ऐकायची सवय आहे. मराठी प्रॉटेस्टंट मंडळ्यांच्या ‘उपासना-संगीत’ या गीतसंग्रहात आजही टिळकांची पुष्कळ गीते आहेत आणि खेडोपाडी ती भजनाच्या ढंगात पेटी-तबल्यावर गायली जातात. शेजारच्या ओसरीवर बसलेल्या माणसाला त्यातला शब्द न् शब्द समजतो.

उघडे दार

सेवा करणाऱ्याने आपल्या श्रद्धेबद्दल किती बोलावे, हा प्रश्न पंडिता रमाबाईंपुढे फार तीव्रपणे उभा राहिला. १८८३मध्ये इंग्लंडात ख्रिस्ती झालेल्या रमाबाईंनी मार्च १८८९मध्ये मुंबईत विधवांसाठी शारदा सदन काढले आणि पुढल्याच वर्षी ते पुण्याला हलवले. संस्था धर्माच्या बाबतीत तटस्थ राहील, कुणावर ख्रिस्ती शिक्षण लादले जाणार नाही, असे त्यांनी जाहीर केले होते. न्यायमूर्ती रानडे आणि डॉ. भांडारकर सल्लागार मंडळावर होते.

रमाबाई स्वतःच्या खोलीत मुलीला घेऊन रोज बायबल वाचत आणि प्रार्थना करत. खोलीचे दार उघडे असे. काही विद्यार्थिनी दारातून आत येऊन बसू लागल्या. कुणाला बोलावले नव्हते, कुणाला हाकललेही नाही. बाहेर मात्र गदारोळ झाला. ‘केसरी’ने टीकेची झोड उठवली, १८९३मध्ये सल्लागारांनी अंग काढून घेतले आणि बऱ्याच पालकांनी मुली परत नेल्या. दोन्ही बाजूंचे म्हणणे समजून घ्यावे लागते. आपले आश्रयस्थान ज्यांच्या हाती आहे त्यांच्या प्रार्थनेत बसताना एखाद्या पोरक्या मुलीची निवड कितपत मोकळी असते, ही टीकाकारांची शंका अगदीच निराधार म्हणता येणार नाही. दुसरीकडे, सेवा करायची म्हणून रमाबाईंनी आपल्या खोलीतही देवाचे नाव घ्यायचे नाही, ही अपेक्षा अन्यायाचीच होती.

या वादाचे उत्तर दुष्काळाच्या काळात दिसले. १८९६च्या अखेरीस मध्य प्रांतात दुष्काळ पडला तेव्हा रमाबाई स्वतः तिथे गेल्या आणि सुमारे ३०० मुली-बायकांना घेऊन आल्या. १९००च्या दुष्काळात गुजरातेतून आणखी आल्या. पुण्याजवळ केडगावला त्यांनी मुक्ती सदन उभारले. तिथे विणकाम, छापखाना, दूधदुभते, शेती असे सारे काही बायकाच चालवत. अंध मुलींना ब्रेलमधून शिकवण्याची सोय होती. रमाबाईंनी मूळ हिब्रू आणि ग्रीक भाषांवरून केलेले बायबलचे मराठी भाषांतर मुक्तीच्या छापखान्यातच, मुक्तीच्या मुलींच्या हातांनी जुळवले गेले. ५ एप्रिल १९२२ रोजी रमाबाई वारल्या त्याआधी थोडेच दिवस ते काम हातावेगळे झाले होते. या घडीला त्यांच्या श्रद्धेबद्दल कुणाचे काहीही मत असो, त्या मुली कुणाच्या दारात उभ्या होत्या आणि दार कुणी उघडले, याबद्दल दुमत होत नाही.

मिरजेच्या दवाखान्याचीही गोष्ट अशीच. विल्यम वानलेस हे डॉक्टर १८८९मध्ये भारतात आले, सांगलीत थोडे काम करून मिरजेला गेले आणि १८९४मध्ये तिथले इस्पितळ उघडले. शस्त्रक्रियेसाठी लोक दूरदूरहून, बैलगाडीने आणि आगगाडीने, मिरजेला येऊ लागले. मराठवाड्यात जालन्याचे मिशन हॉस्पिटल त्याच परंपरेतले. रुग्ण कोणत्या जातीचा, कोणत्या धर्माचा, याची चौकशी उपचाराआधी होत नसे. प्रार्थनेला बसणे हे उपचाराचे मोल नव्हते, आणि हे मोल कधी मागितले जाऊ नये हीच कसोटी महत्त्वाची आहे.

पगारी काम आणि घरचे काम

या थोर कामाला एक उणी बाजूही होती. मिशनच्या व्यवस्थेत सुवार्ता सांगणे हे हळूहळू नोकरीचे काम झाले. उपदेशक, शाळामास्तर, घरोघर जाऊन बायकांना वाचायला शिकवणारी आणि बायबल सांगणारी ‘बायबल बाई’, या सर्वांना मिशनचा पगार असे. या बायबल बायांनी ऊनपावसात मैलोगणती पायपीट केली आणि अनेक घरांतल्या सुनांना पहिल्यांदा अक्षर दाखवले. त्यांचे ऋण मोठे आहे. तरी परिणाम असा झाला की, सांगायचे काम पगारदाराचे आणि आपण रविवारी उपासनेला गेलो की झाले, अशी समजूत सामान्य ख्रिस्ती माणसात रुजली. शिवाय गावकऱ्यांना वाटे, हा बोलतो कारण त्याला बोलायचे पैसे मिळतात.

टिळकांना हे खुपत होते. बावीस-तेवीस वर्षे अमेरिकन मराठी मिशनमध्ये काम केल्यावर १९१७मध्ये त्यांनी पगार सोडला, संन्यस्त वृत्तीने राहू लागले आणि साताऱ्याला ‘देवाचा दरबार’ सुरू केला. त्यात बाप्तिस्मा घेतलेले आणि न घेतलेले दोन्ही प्रकारचे लोक सामील होऊ शकत होते. ९ मे १९१९ रोजी त्यांचे निधन झाल्यामुळे हा प्रयोग बाळसे धरण्याआधीच थांबला. पण त्यांनी मांडलेला प्रश्न मागे राहिला. स्वातंत्र्यानंतर परदेशी मिशनरी हळूहळू परतले, इस्पितळे आणि शाळा भारतीय मंडळांकडे आल्या, २९ नोव्हेंबर १९७० रोजी नागपूरला अनेक प्रॉटेस्टंट पंथ एकत्र येऊन उत्तर भारताची मंडळी, म्हणजे सीएनआय, स्थापन झाली. पगारदारांची संख्या घटली. मग साक्ष देण्याचे आणि सेवेचे काम जिथून सुरू झाले होते तिथेच, म्हणजे घराघरात परत आले.

घराघरातले हे काम कसे दिसते, याचे एक चित्र छत्रपती संभाजीनगरच्या शासकीय रुग्णालयात, म्हणजे साऱ्यांच्या तोंडी असलेल्या ‘घाटी’त, पाहायला मिळते. अजिंठा, सिल्लोड, सोयगाव भागातला माणूस गंभीर आजारी पडला की शेवटी त्याला घाटीत आणतात. सोबत आलेल्या नातेवाइकाला शहर नवे असते. केसपेपर कुठे काढायचा, तपासणीचा रिपोर्ट कुठल्या खिडकीवर मिळतो, रक्ताची पिशवी आणायची तर बदली रक्त कोण देणार, रात्री वॉर्डाबाहेर झोपायला जागा कुठे, सकाळचा डबा कुठून येणार, असे शंभर प्रश्न असतात. अशा वेळी शहरात राहणारे गावचे ख्रिस्ती कुटुंब डबा घेऊन येते, मुलगा रक्त देतो, कुणी दोन रात्री रुग्णाजवळ थांबून नातेवाइकाला घटकाभर झोपू देते. तिथे सुवार्ता सांगण्याचा विषयही निघत नाही. निघालाच तर रुग्णाच्या बायकोकडून निघतो: तुम्ही प्रार्थना करता ना, मग याच्यासाठी करा. तेवढी प्रार्थना हळू आवाजात, दोन वाक्यांत, शेजारच्या खाटेवरच्यांना त्रास न होता केली जाते. हे काम हिंदू, मुसलमान, बौद्ध शेजारीही एकमेकांसाठी करतात आणि ख्रिस्ती माणसाला ते स्वतःचे वेगळेपण म्हणून मिरवता येत नाही. त्याच्या श्रद्धेने त्याच्याकडून ते मागितले आहे, एवढेच.

गावात प्रश्न येतात ते साधे असतात. तुमच्याकडे गणपती का बसवत नाहीत? लग्नात अक्षता टाकता का? मेलेल्याला पुरता का? नाताळात चांदणी कशाची लावता? नाताळच्या फराळाचे ताट, त्यात करंज्या, चकल्या, शंकरपाळी, शेजारी गेले की असे प्रश्न हमखास निघतात. यांची उत्तरे देण्यासाठी धर्मशास्त्राची पदवी लागत नाही. आपण जे करतो त्याचा अर्थ आपल्याला माहीत असावा लागतो, आणि तो ‘तारण’, ‘नीतिमान ठरणे’, ‘नवा जन्म’ असल्या मंडळीतल्या ठरावीक शब्दांशिवाय, बाजारात बोलतो त्या मराठीत सांगता यायला हवा. इथे अनेक चांगल्या ख्रिस्ती माणसांची अडचण होते. श्रद्धा असते, वागणेही चोख असते, पण विचारले की जीभ अडखळते, किंवा मग पाळकसाहेबांचे प्रवचन जसेच्या तसे बाहेर पडते. म्हणून संडे स्कूल, तरुणांची सभा, घरोघरची प्रार्थनासभा इथे वचने पाठ करण्याइतकाच वेळ स्वतःच्या शब्दांत बोलायला शिकण्यावर जायला हवा. शेजाऱ्याचा धर्मही थोडाफार माहीत हवा. ज्याने ज्ञानेश्वरीचे नावही नीट ऐकलेले नाही, धम्मचक्र प्रवर्तन दिन कधी असतो हे ज्याला ठाऊक नाही, त्याने मराठवाड्यात श्रद्धेबद्दल बोलू नये हे बरे.

मर्यादा

राज्यघटनेच्या २५व्या कलमाने प्रत्येकाला आपला धर्म मानण्याचे, पाळण्याचे आणि त्याचा प्रसार करण्याचे स्वातंत्र्य दिले आहे. सार्वजनिक सुव्यवस्था, नीतिमत्ता आणि आरोग्य या त्याच्या सीमा आहेत. १९७७मध्ये स्टॅनिस्लॉस खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने स्पष्ट केले की, प्रसाराचा हक्क म्हणजे आपल्या धर्माची तत्त्वे समजावून सांगण्याचा हक्क. दुसऱ्याचे धर्मांतर करण्याचा हक्क त्यात येत नाही. २८व्या कलमानुसार पूर्णपणे सरकारी पैशावर चालणाऱ्या शाळेत धर्मशिक्षण देता येत नाही. त्यामुळे जिल्हा परिषद शाळेतल्या ख्रिस्ती शिक्षिकेची साक्ष म्हणजे वेळेवर येणे, शेवटच्या बाकावरच्या पोराला हाताशी धरून शिकवणे आणि पोषण आहारात हात न मारणे. वर्गात बायबल सांगण्याची ती जागा नाही. कायदा नसता तरी हे असेच असायला हवे होते, कारण लहान मूल शिक्षकाला नाही म्हणू शकत नाही. जो नाही म्हणू शकत नाही त्याच्यापुढे श्रद्धा मांडताना हात फार आखडता घ्यावा लागतो. आजारी, कर्जबाजारी, नोकरीत हाताखाली असलेला, शोकात बुडालेला, हे सारे याच यादीत येतात.

उघडपणे बोलण्याची किंमतही असते. १९५०च्या राष्ट्रपतींच्या आदेशाने अनुसूचित जातीचा दर्जा धर्माशी जोडला गेला. १९५६मध्ये शीख आणि १९९०मध्ये बौद्ध त्यात सामावले गेले, ख्रिस्ती दलित बाहेरच राहिले. मराठवाड्यातील ख्रिस्ती कुटुंबांची मुळे बहुतांशी मातंग आणि महार समाजात आहेत. मुलाच्या शिष्यवृत्तीचा, नोकरीच्या राखीव जागेचा प्रश्न असतो तेव्हा कागदावर एक आणि मनात एक अशी ओढाताण होते. अशा घरातली माणसे गप्प राहतात तेव्हा त्यांना भित्रे ठरवणे सोपे आहे, पण ते बरोबर नाही. एका पिढीने जातीचे ओझे सोसले म्हणून धर्म बदलला आणि पुढच्या पिढीला तोच बदल लपवावा लागतो, ही व्यवस्थेने लादलेली कोंडी आहे आणि ती सुटायला हवी.

नकार

श्रद्धा सांगणाऱ्याची खरी परीक्षा नकार मिळाल्यावर होते, आणि त्याची सर्वांत जिवंत नोंद लक्ष्मीबाई टिळकांच्या ‘स्मृतिचित्रे’त आहे. नवरा ख्रिस्ती झाल्याची बातमी आली तेव्हा त्यांच्यावर आकाश कोसळले. पुढची चार-पाच वर्षे त्या नवऱ्यापासून दूर, नातेवाइकांच्या आधाराने राहिल्या. नंतर त्या टिळकांकडे राहायला आल्या, पण स्वतःच्या धर्मासकट आल्या. सोवळेओवळे तसेच, चूल वेगळी, पाणी वेगळे. रागीट आणि उतावळ्या स्वभावाच्या टिळकांनी या एका बाबतीत मात्र धीर धरला आणि त्यांच्या आचाराची सोय करून दिली. जो अनोळखी माणसांना ख्रिस्ताबद्दल सांगत होता, त्याच्या घरातच रोज नकार नांदत होता.

लक्ष्मीबाईंचे मन वळले ते स्वतःच्या विचाराने. जाती देवाने केल्या नाहीत, माणसांनी केल्या, हे एकदा मनाला पटल्यावर त्यांनी कुणाच्याही हातचे खायचे-प्यायचे ठरवले आणि तसे केलेही. १९००मध्ये त्यांनी बाप्तिस्मा घेतला. त्यानंतर दुष्काळाच्या आणि प्लेगच्या दिवसांत त्यांच्या घरात पोरकी मुले सतत वावरत राहिली. पानात काय वाढायचे याची भ्रांत असतानाही दारात आलेले मूल परत गेले नाही. टिळकांच्या मागे लक्ष्मीबाईंनी त्यांचे अपुरे राहिलेले ‘ख्रिस्तायन’ हाती घेतले. टिळकांनी त्याचे पहिले काही अध्याय लिहिले होते, उरलेले बहुतेक त्यांनी लिहिले. शाळेचे तोंड न पाहिलेल्या, नवऱ्याकडून लिहायला-वाचायला शिकलेल्या या बाईंची ‘स्मृतिचित्रे’ १९३४ ते १९३६ या काळात चार भागांत प्रसिद्ध झाली, आणि ख्रिस्ती नसलेल्या लाखो मराठी वाचकांनी ती आपली मानली.